हुंगून बंदूक विकणारी बाई

बंदुकांवर बंदी येणार म्हणून सगळ्या टेक्ससने घाबरून खरेदी केली होती. बंदी आली ती भलत्याच बंदुकांवर, आणि पुढच्या वर्षी प्लेनोजवळच्या जुन्या बाजारात हा माल निम्म्या भावात आला. मी दिवाळीतल्या टिकल्यांपलीकडे काही उडवलेलं नव्हतं. पण निम्मा भाव म्हटल्यावर पाय घरात थांबतात होय?

तिथे पांढऱ्या केसांची एक विक्रेती बसायची. बंदूक दाखवण्याआधी ती डोळे मिटून नळी हुंगायची आणि जाहीर करायची, "नुसतं तेल! एकदाही उडवलेली नाही, हनी."

मी वीस डॉलर कमी करायला सांगितले. ती नाही म्हणाली. मी तुळशीबागेतल्यासारखी पाठ फिरवून चार पावलं गेलो, तर तिने हाकच मारली नाही! गुपचूप परत आलो. ती खो खो हसली आणि, "परत आलास म्हणून दहा कमी," म्हणाली.

"पण सगळ्या कोऱ्या कशा?"

"भीतीने घेतलेली वस्तू कोरीच राहते."

"आणि स्वस्तात घेतलेली?"

"ती माझ्याकडे परत येते."

मी तरंगतच घरी पोचलो.

"कशाला आणलीत?" बायकोने विचारलं.

"निम्म्या भावात!" मी ओरडलो.

वर्षभराने ती बंदूक घेऊन मी पुन्हा त्या टेबलापुढे उभा होतो. बाईने नळी हुंगली. "नुसतं तेल," ती म्हणाली. मग पुन्हा हुंगली. "आणि हे काय?"

"हिंग," मी म्हणालो. "मसाल्यांच्या कपाटात ठेवली होती."