काकूंची अमरावतीची जाहिरात

मालवीय नगरात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू अमरावतीच्या. काकांच्या रेल्वेतल्या बदलीमुळे जयपूरला आल्या. भाजीवाल्या भैयाशी भांडतानाही त्यांचं हिंदी दोन वाक्यांत संपतं आणि पुढचं भांडण मराठीत होतं. तोही बिचारा भाव कमी करतो.

मध्यंतरी त्यांनी पुरणपोळ्या विकायला काढल्या आणि पैसे भरून सोशल मीडियावर जाहिरात लावली. फोन खणखणू लागले. काकू लाटणं बाजूला ठेवून तासन्‌तास बोलायच्या, हसायच्या. पोळी मात्र एकही खपेना.

शेवटी मी त्यांचा मोबाइल पाहिला. जाहिरात कुठे दाखवायची, तिथे त्यांनी अमरावती भरलं होतं.

"गाव विचारलं त्यानं," काकू म्हणाल्या, "मग दुसरं काय लिहू?"

"अहो, इथून तिथे गरम पोळी पोचवणार कशी?"

मी जयपूर भरलं, मजकूर हिंदीत केला. आठवड्याभरात काका स्कूटरवरून आदर्श नगरपर्यंत डबे पोचवू लागले. मी स्वतःवर खूश होते.

परवा काकू पिठाच्या हातानं मोबाइल घेऊन दारात उभ्या.

"धंदा मस्त चालून राहिला, बाप्पा. पण हे लोक भाव विचारतात अन् फोन ठेवतात. ती अमरावतीची जाहिरातही परत लावून दे ना."

"तिच्यात काय लिहू?"

"पुरणपोळ्याच लिही. काही विकून राहिलो असं वाटल्याशिवाय फोन कोण करते?"