मीनं सेब खाल्लं

माझे आईबाबा नरखेड तालुक्यात दुसऱ्यांच्या संत्राबागांत तोडीला जायचे. बहार चांगला आला तर दोन्ही वेळ चूल पेटायची. गारपीट झाली की बागवाला आणि आम्ही मिळून आभाळाकडे बघत बसायचो. फरक एवढाच, की तो जेवून बघायचा. घर म्हणजे टिनाची एक खोली, आणि उन्हाळ्यात ती एवढी तापायची की पाहुणा आला तरी त्याला बाहेर लिंबाखालीच बसवावं लागे. बाबा चौथीपर्यंत शिकलेले, आई तेवढीही नाही. अशा घरातून बी.ए. करून मी भाषाशास्त्रात एम.ए. करायला नागपूरला निघाले, तेव्हा बाबांनी साफ सांगितलं, "दोन वर्सं. पास झाली तं पुढचं तू पाय. नापास झाली तं वापस ये, मामानं पोरगं पाहून ठेवलं हाये." त्या पोराची स्वतःची संत्र्याची बाग होती. त्यामुळे मामाचा माझ्या नापास होण्यावर फार विश्वास होता.

आमचे विभागप्रमुख सर एकदा पंधरा दिवस इटलीला जाऊन आले होते, आणि ते पंधरा दिवस अजून संपले नव्हते. वर्गात येताना "च्याव", जाताना "च्याव". मराठी तर अशी कडक, की त्यांचा 'ण' ऐकला की इस्त्रीचा वास यायचा. पहिल्याच आठवड्यात मी उठून म्हणाले, "सर, हे पुस्तक मीनं वाचलं आहे."

सरांनी चष्मा काढला. "मीन म्हणजे मासा. माशानं पुस्तक वाचलं?"

वर्ग खदाखदा हसला. हसणाऱ्यांत अर्धी पोरं नागपुरातल्याच सक्करदऱ्याची होती. ती घरी गेल्यावर आईला "मले भूक लागली वं" म्हणत असणार, पण वर्गात सगळे पुण्याचे.

प्रबंधासाठी दोन भाषांची तुलना करायची होती. विषय सरच वाटायचे. फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्यांना फ्रेंच आणि इटालियन, स्पॅनिश आणि इटालियन असे गोंडस विषय मिळाले. माझ्या वाट्याला आलं, इटालियन आणि कुर्दी. "एक संगीताची भाषा, एक डोंगरातली," सर म्हणाले. "दुसरी तुला सोपी जाईल."

मग मी नागपुरातल्या नंदनवन भागातल्या माझ्या खोलीत पुस्तकं आणि मोबाइलवरचे व्हिडिओ घेऊन बसले. त्या दिवसांत आई चार दिवस राहायला आली होती. मी इटालियन वाक्य घोकत होते, "इओ मांजो ला मेला." म्हणजे, मी सफरचंद खाते. आईच्या हातातली पोळी थांबली.

"कोन मेला वं?"

"कोनी नाही मेला. मेला म्हनजे सेब."

"मंग सेब म्हन ना! काहून सकाळपासून मेला मेला करून राहिली? कुठल्या बिनडोक लोकायची भाषा हाये हे?"

संगीताच्या भाषेवर आमच्या घरात एवढीच चर्चा झाली. कुर्दीत सफरचंदाला 'सेव' म्हणतात हे ऐकून मात्र आई खूश झाली. "हे बरे लोक दिसतेत," म्हणाली. नागपुरात हातगाडीवर कोणी सफरचंद मागत नाही, सेबच मागतात. सफरचंद फक्त बालभारतीत पिकतं.

पण खरी गोष्ट पुढेच होती. उत्तरेकडच्या कुर्दीत 'मी' म्हणजे 'एझ'. मी सेब खाते, तर एझ. पण खाऊन झालं की 'एझ' चालत नाही, तिथं 'मिन' येतं. 'मिन सेव ख्वार.' मी ते मोठ्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. मिन सेव ख्वार. मीनं सेब खाल्लं.

इटालियनमध्ये खा, खाऊन टाक, काहीही कर, 'इओ' तो 'इओ'च. शुद्ध मराठीचंही तेच, मी खाते, मी खाल्लं. गंमत अशी की तीच शुद्ध मराठी 'त्यानं खाल्लं', 'तिनं खाल्लं' म्हणते. सगळ्यांना 'नं' लावते आणि स्वतःची पाळी आली की मागे सरते. आम्ही गावचे लोक हिशेबाला पक्के. त्यानं, तिनं, तसं मीनं. माझ्या तिसऱ्या प्रकरणात मी हेच लिहिलं: या एका बाबतीत पुस्तकी मराठी इटालियनच्या पंगतीला बसते आणि आमची मराठी कुर्दीच्या.

सरांनी ते प्रकरण दोन बोटांनी उचललं. "अशुद्ध उदाहरणं प्रबंधात? काढून टाक. नाही काढलंस तर तोंडी परीक्षेत माझ्याकडून अपेक्षा ठेवू नकोस."

तोंडी परीक्षेवर पास-नापास ठरणार होतं. इकडे मामाचे फोन वाढले होते. तरी मी प्रकरण काढलं नाही. ते काढलं असतं तर खाली उरलं काय असतं, दोन भाषांतल्या फळांची नावं?

परीक्षेला बाहेरून एक मॅडम आल्या होत्या, पुण्याकडच्या. त्यांनी नेमकं तिसरं प्रकरण उघडलं. "मिन आणि मीनं, म्हणजे कुर्दी आणि तुमची बोली सख्ख्या बहिणी का?"

हो म्हणावं असं फार वाटलं. पण तिथंच माझी विकेट गेली असती. "नाही मॅडम. पहिला 'म' लांबच्या नात्यातला आहे, पण शेवटचा 'न' नुसता योगायोग. आमचा 'नं' हा 'त्यानं'मधला. सारखी आहे ती रीत, आवाज नाही."

मॅडमनी मान हलवली. सर मात्र खुर्चीत पुढे सरकले. "असली गावठी रूपं शास्त्रात चालत नाहीत. त्यांना व्याकरणच नसतं."

"सर," मी म्हणाले, "व्याकरण नसतं तर तुम्हाला त्यात चूक कशी सापडली?"

सर एकदम लाल झाले. आवाज चढला, इस्त्री मोडली. "पाहा मॅडम, किती तोंड चालवते! हिले मीनं पहिलेच सांगतलं होतं, हे काढून टाक म्हनून!"

मी खाली मान घालून हसू गिळत होते. मॅडमनी पेन उचललं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "सर, आपण मूळचे कुठले?"

"काटोलकडचे," सर म्हणाले. म्हणजे आमच्या नरखेडच्या शेजारचेच. विभागात इतकी वर्षं काढली त्यांनी, पण हे शिपायालाही माहीत नव्हतं. 'च्याव' न म्हणता बाहेर पडताना सर मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले.

निकाल लागला तेव्हा मी बाबांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "मंग मामाले तूच सांग."

मी पहिल्या श्रेणीत एम.ए. झाले, तिसऱ्या प्रकरणासकट. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर, आणि आता नागपुरातल्या एका कॉलेजात भाषाशास्त्र शिकवते.