आठच्या पुढं न मोजणारे शेठ

गेटवर बसणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. माणसं आत जाताना एक टाकून जातात, बाहेर पडताना दुसरा. मी वाळूजच्या एका कारखान्यात वॉचमन आहे. शाळा चौथीपर्यंत. पण वाढवून सांगायची सवय नाही.

आमच्याकडं कामगार पुरवायचा ठेका दाभाडेशेठचा. ठरल्या तासांच्या वर काम झालं की दुप्पट दर, असा कायदा. माणसं बारा तास राबायची. शेठ आठच्या पुढं मोजायचेच नाहीत. भांडण काय ते एवढंच.

* * *

किमान वेतनाचा तक्ता कारखान्यात लावा, असा वरून हुकूम आला. शेठनी तो स्टोअरच्या दाराच्या मागच्या बाजूला चिकटवला. दार दिवसभर उघडं. म्हणजे तक्त्याचं तोंड भिंतीकडं!

मी म्हणालो, "शेठ, हे वाचणार कोण?"

"मामा, लावा म्हणलेत. वाचा म्हणलेत का?"

* * *

एकदा लेबर ऑफिसचे साहेब आले. शेठनी आदल्या दिवशीच सगळ्यांना पढवलं होतं, "काही इचारलं तरी आठ सांगायचं."

साहेबांनी पॅकिंगच्या सरूबाईंना विचारलं, "काम किती तास?"

"आठ."

"येता किती वाजता?"

"सकाळी आठ."

"आणि सुट्टी?"

शेठ मागून डोळे वटारत होते. सरूबाई ठणकावून म्हणाल्या, "रातच्याला आठ!" मग शेठकडं वळून, "बरोबर सांगितलं ना?"

* * *

शेडमधलं घड्याळ शेठ स्वतः फिरवायचे. सकाळी पुढं, संध्याकाळी मागं. एकदा संध्याकाळी मोबाइल बंद पडला म्हणून त्याच घड्याळात बघून ते लासूरची गाडी पकडायला निघाले. गाडी गेली! परत येऊन माझ्यावरच ओरडले, "घड्याळ मागं हाय, सांगता येत नव्हतं?"

मी म्हणालो, "कामगारांनी रोज सांगितलं. तुम्हीच नाय म्हणत होता."

* * *

मग अंगठ्याचं मशीन आलं. आता तास मशीन मोजणार, म्हणून माणसं खूश.

भिवा हमालाचा अंगठा मशीन घेईना. घरची मेंढरं कातरून, इथली पोती उचलून अंगठ्यावर रेघ राहिली नव्हती. त्यानं दिवसभर ट्रक खाली केले. संध्याकाळी शेठ म्हणाले, "मशिनीत नाय, म्हंजी तू आलाच नाय." अख्खा दिवस बुडाला.

दुसऱ्या दिवशीही मशीननं अंगठा घेतला नाही. भिवा माझ्या शेजारी बाकावर येऊन बसला. तंबाखू मळली.

तेवढ्यात माल भरलेला ट्रक आला. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढेना. शेठ धावत आले.

"ए भिवा, ऊठ की! गाडी खाली कर!"

"मी आलोच नाय, शेठ."

"लई शाणा झाला का?"

भिवानं तंबाखू तोंडात टाकली आणि रस्त्याकडं बघत बसला. शेठ माझ्याकडं वळले.

"मामा, सांगा जरा याला!"

मी बाकाकडं नीट बघितलं.

"कुणाला, शेठ?"