पलंगाच्या खांबावरची खाच

लोखंडी खाट मला जन्मात आवडली नाही. कूस बदलली की कुरकुरते, पावसाळ्यात गंजते आणि तिचा गंज पातळाला लागला की साबण लावून हात दुखतात. आमचे मास्तर मात्र लोखंडी खाटेवर अडून बसले होते. त्यांचा धाकटा भाऊ मुंबईला गिरणीत होता, तो नवी कोरी खाट मालट्रकवरून धाडायला तयार होता. मला दिवस गेले होते. पोलादपूरच्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांची जमीन शेणाने सारवलेली, तिला पावसात ओल येई. या खेपेला मी खाली निजायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. या खेपेला म्हणायचं कारण, आधीच्या खेपेला आठव्या महिन्यातच सगळं संपलं होतं. त्याबद्दल आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नसू.

"मला जुना लाकडी पलंग हवा," मी म्हटलं.

"जुना? दुसऱ्याने वापरलेला?"

"आपलं घर तरी कुठे नवं आहे? या वाकड्या भिंतींत नवी खाट व्याह्यासारखी अवघडून बसेल."

मास्तर हसले, आणि ते हसले की वाद मी जिंकलेला असे.

माझ्या मामाची महाडला लाकडाची वखार होती. लहानपणी मी तिथे पडीक असायची, त्यामुळे लाकडातलं मला कळतं असा माझा समज होता आणि तो मी कुणाला विसरू देत नसे. मामा म्हणायचा, वस्तू वरून बघतं ते गिऱ्हाईक, खालून बघते ती मालकीण. म्हणून महाडच्या बाजारात जुन्या सामानाच्या दुकानात गेलो तेव्हा पोट सांभाळत मी प्रत्येक पलंगाखाली डोकावले. दुकानदार मास्तरांकडे बघू लागला. मास्तर आपले छताकडे बघू लागले.

एक छत्रीपलंग होता, पण तो आमच्या तुळईला लागला असता. एकाच्या डोक्याशी पोपटांची नक्षी होती. रोज उठून पोपटांच्या चोचीतली धूळ काढायची माझी तयारी नव्हती. शेवटी कोपऱ्यातला एक शिसवी पलंग मला दिसला. नक्षी नाही, चकाकी नाही, चारी कोपऱ्यांना हातभर उंचीचे गुळगुळीत खांब. ठोकून पाहिला तर आवाज भरीव आला. वास घेतला, किडीचा मागमूस नाही.

"हाच," मी म्हटलं.

"दिसायला साधा आणि हलवायला जड," मास्तर म्हणाले. "तुझं नि त्याचं जमेल."

पलंग घरी आला, पाचरी ठोकून उभा राहिला, आणि मी आठवडाभर राणीसारखी निजले. मग शेजारची काकी तो बघायला आली. काकी वयाने मोठी, मनाने चांगली, पण तिच्या तोंडाला झाकण नव्हतं. पलंगाला प्रदक्षिणा घालता घालता ती पायथ्याच्या खांबाशी थांबली आणि तिने बोट टेकवलं.

"गो बाय, ही खाच कसली? हितं दोरी बांधलेली हाय."

मी वाकून पाहिलं. खांबावर करंगळी बसेल एवढी खाच होती. पलंगाच्या पोटाखाली शिरून पाहणाऱ्या मला ती दिसली नव्हती.

"कशाला बांधतील दोरी?" मी विचारलं.

"कशाला म्हंजे? मानसाला. आमच्या वाडीत एकाच्या डोक्यात वारं भरलेलं, त्याला असाच पलंगाला बांधून ठेवला व्हता. त्याच पलंगावर गेला तो. जुनी वस्तू घ्यावी नाय गो. कुनाचं काय बसलेलं असतंय त्याच्यावर."

मी तिला चहा दिला आणि तुझं काहीतरीच काकी, म्हणून वाटेला लावलं. दार लावलं, पण परत त्या पलंगावर बसवेना. मी भित्री बाई नव्हते. पण पोटात पोर असलं की भीतीला आत यायला दार लागत नाही.

त्या दिवसापासून मी खाली चटईवर निजू लागले. मास्तरांना सांगितलं, पलंगात ढेकूण आहेत.

"मला तर एकही चावला नाही," ते म्हणाले.

"तुमचं रक्त आळणी आहे."

ज्याला पलंग नको होता तो वर घोरतोय आणि जिने हट्टाने आणला ती खाली ओलीवर, अशी आमची तऱ्हा झाली. खरं सांगायचं तर तोंड उघडायची सोय नव्हती. निवड माझी, लाकडातली जाणकार मी. आणि त्याहून मोठं म्हणजे, पहिल्या खेपेलाही चूक माझीच असं मी मनात धरून बसले होते. भरलेला हंडा मी उचलला होता. कुणी मला तसं म्हणालं नव्हतं, पण मला वाटे सगळे मनात तेच म्हणत असणार. आता दुसऱ्यांदा माझ्याच हट्टापायी काही झालं तर मी कुठे तोंड दाखवणार होते?

पंधरा दिवस हे सहन केलं. मग एका सकाळी मास्तर शाळेत गेल्यावर मी एसटी पकडून महाडला गेले. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्यागणिक पोटाला हात लावून माफी मागत होते. दुकानदाराने पलंग कुठून आणला ते सांगितलं. त्याच्याच मागच्या गल्लीत एक आजी होत्या, मुलाकडे मुंबईला राहायला निघालेल्या, म्हणून सामान विकायला काढत होत्या.

आजी ओटीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी पायरीवर बसले, दम खाल्ला आणि सरळ विचारलं, "तुमच्या पलंगावर कुणी मेलं होतं का हो?"

आजींनी सूप खाली ठेवलं. मला वाटलं, आता हाकलतात. पण त्यांनी आधी माझ्या पोटाकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"कुणी सांगितलं तुला?"

मी खाचेचं सांगितलं, काकीचं सांगितलं, त्या वाडीतल्या माणसाचंही सांगितलं. बोलता बोलता आधीच्या खेपेचंही सांगून टाकलं.

"खाच चौफेर आहे की एकाच अंगाला?" आजींनी विचारलं.

मी आठवून पाहिलं. "एकाच अंगाला. बाहेरच्या."

"माणूस बांधला असता तर चौफेर पडली असती ना? अगं वेडे, ती पाळण्याच्या दोरीची खाच आहे." त्यांनी पाय लांब केला आणि अंगठा हलवून दाखवला. "पाळण्याची दोरी खांबाच्या बाहेरून वळवून घ्यायची नि पायाच्या अंगठ्यात अडकवायची. हात मोकळे. मी पलंगावर बसून तांदूळ निवडले, गोधड्या शिवल्या, एकदा तर भांडणसुद्धा केलं जावेशी. सहा पोरांची दोरी आहे ती."

"सहाही जगली?" हा प्रश्न तोंडातून गेल्यावर मला माझीच लाज वाटली.

"पाच," आजी म्हणाल्या. "एक गेलं. तापाने गेलं. मीही वर्षभर स्वतःलाच बोल लावत होते, अमुक खाल्लं म्हणून, तमुक उचललं म्हणून. तसं नसतं गं. पलंगाचा दोष नसतो नि आईचाही नसतो."

मी तिथेच पायरीवर रडले. किती तरी दिवसांचं साठलेलं होतं, सगळं गेलं. आजींनी समजूत काढली नाही, सूप उचलून पुन्हा तांदूळ निवडायला घेतले. निघताना एवढंच विचारलं, "तुळई कुठल्या बाजूला आहे तुमच्याकडे?" मी सांगितलं. "मग पलंग फिरवून घे. पायथा तुळईकडे कर, म्हणजे दोरी बरोबर येईल."

मास्तर शाळेतून आले तेव्हा मी दारातच उभी होते.

"पलंग फिरवायचाय," मी म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं. हंड्याचंही सांगितलं. ते टोपी काढून खुंटीला लावत म्हणाले, "हंडा मीच भरून ठेवायला हवा होता. मला रोज तेच वाटायचं." म्हणजे आम्ही दोघेही एकाच हंड्याचं ओझं दोन बाजूंनी उचलून फिरत होतो. पलंग फिरवून झाल्यावर ते घाम पुसत म्हणाले, "म्हणजे ढेकूण नव्हतेच?"

मुलगी झाली. तिचं रडणं बाजारपेठेपर्यंत ऐकू जाई. पाळणा तुळईला टांगला, दोरी खांबाच्या बाहेरून वळवली, तर ती माझ्या हातांची वाट न बघता त्या खाचेत जाऊन बसली. मी अंगठा ओढला, पाळणा सरळ आला आणि सरळ गेला.

बारशानंतर काकी आली. पाळण्याकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं.

"बघ," ती म्हणाली, "मी तवाच बोलले नाय? दोरीचीच खूण हाय म्हणून."

एरवी मी तिला सोडली नसती. पण पोर नुकती कुठे डोळे मिटत होती, आणि माझा अंगठा दोरीत होता.