पान्याचा पाव फेरा

विश्वंभरराव चौतीस वर्षं झाशीच्या रेल्वेत पाइपफिटर. लोखंडी पाइप असा आवळायचे की दुसऱ्याच्या बापाला सुटायचा नाही. आणि घरात नडली ती हीच ताकद.

बायकोला, सरलाबाईंना, संधिवात. झाशीच्या थंडीत नळाचं पाणी बोटं कापतं. बाईंचं मागणं एवढंच, की न्हाणीतल्या गिझरचं गरम पाणी स्वयंपाकघरात यावं. "गल्लीतल्या अनुपला बोलवा ना, तो प्लंबरच आहे," त्या म्हणाल्या. झालं, विश्वंभरराव उखडले. "मी काय चौतीस वर्षं माश्या मारल्या? घरात प्लंबर आला तर लोक शेण घालतील माझ्या तोंडात!"

गिझरकडचा पाइप तांब्याचा, पुढचा प्लास्टिकचा. दुकानदारानं पितळी आट्यांचा जोड पुढे केला, ह्यांनी उचलला साधा प्लास्टिकचा. हातानं चढवला, घट्ट बसला. पण सवय गप्प बसेल तर ना! पाना लावून आणखी एक फेरा दिला. कट्! जोडाला चीर. दुसरा आणला, त्याचीही तीच गत. जित्याची खोड, दुसरं काय!

मग त्यांनी त्या लाइनचा कॉकच बंद केला. "उद्या बघतो गं." तो उद्या दोन हिवाळे उगवला नाही. सरलाबाई थंड पाण्यात भांडी घासत राहिल्या, पण एका शब्दानं बोलल्या नाहीत. अहो, भांडल्या असत्या तर बरं झालं असतं!

यंदा दसऱ्याच्या आधी चार दिवसांच्या तापात त्या गेल्या.

तेरावं झालं आणि विश्वंभररावांनी स्वतःच अनुपला फोन लावला. अनुपनं पितळी जोड हातानं बसवला, पान्याचा जेमतेम पाव फेरा दिला. "बस बाबूजी, प्लास्टिक को ज़ोर नहीं चाहिए." पंधरा मिनिटांचं काम.

मग जुना चिरलेला जोड बघून तो म्हणाला, "ये कब टूटा? पिछली सर्दियों में अम्माजी लक्ष्मी ताल के मंदिर में मिली थीं. मैंने पूछा, किचन में गरम लाइन डाल दूँ? बोलीं, नहीं भैया, हमारे साहब ने खुद लगाई है, बढ़िया चलती है."

विश्वंभररावांनी नळ सोडला. वाफाळतं पाणी आलं. त्यांनी खाली हात धरला. चटका बसला, तरी मागे घेतला नाही.

"सरले, चुकलो गं," ते अनुपच्या देखत मोठ्यानं म्हणाले.