हात उठला

नवऱ्याने मारलं म्हणून माझी थोरली बहीण धुळ्याहून धरणगावला आमच्या घरी निघून आली. काही दिवसांनी मेव्हणे तिला न्यायला आले. चार वडीलधाऱ्यांसमोर ते शुद्ध मराठीत म्हणाले, "रागाच्या भरात हात उठला. झालं गेलं विसरावं."

"चला, बठ्ठं मिटनं," सगळं मिटल्याच्या सुरात त्यांतले एक नाना म्हणाले.

बहीण दारातून वडिलांना म्हणाली, "आबा, हात आपोआप उठना का? 'मी मारं' असं म्हनाले सांग त्यासले."

"तेच तर सांगतोय ना!" मेव्हणे चिडले.

"मंग म्हना ना!"

'मी मारलं' हे दोन शब्द त्यांनी शेवटपर्यंत उच्चारले नाहीत. धुळ्याच्या मोटारीत ते एकटेच बसले. वडीलधाऱ्यांनी हट्टी ठरवलं ते बहिणीला. त्या चौघांचा मला आजही संताप येतो. तो हात कुणाचा होता, हे त्यांना ठाऊक होतं.