धरलेली खुर्ची

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी कसबा पेठेतल्या एका वाचनालयात एका रुमालाने दीड तास खुर्ची अडवून ठेवली. ‘माणूस आणि पशू यांतला फरक’ या विषयावर व्याख्यान होते आणि मी बातमीसाठी दाराशी उभा होतो. काठी टेकत एक वृद्ध मास्तर आले. वक्ते त्यांचे शाळेतले विद्यार्थी होते. त्यांना ऐकायला मास्तर हडपसरहून दोन बस बदलून आल्याचे त्यांनीच मला सांगितले. एकच खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर वाळ्याच्या अत्तराचा वास येणारा, इस्त्रीचा रुमाल होता. ‘अहो, जागा धरलीय,’ शेजारचे गृहस्थ म्हणाले. ‘हे वक्त्यांचे गुरुजी आहेत. कुणासाठी धरलीय?’ मी विचारले. ‘मेहुण्यांसाठी. वेळेवर यावं, म्हणजे जागा मिळते.’ ‘पण मेहुणे कुठे आहेत?’ ‘येतील. आपल्याला काय घाई?’ दुसऱ्याचे दुःख ओळखतो तो माणूस, असे वक्ते सांगत असताना मास्तरांचे पाय थरथरू लागले आणि ते निघून गेले. मेहुणे शेवटपर्यंत आले नाहीत. व्याख्यान संपल्यावर वक्त्यांनी व्यासपीठावरूनच विचारले, ‘माझे गुरुजी येणार होते, आलेत का?’ रुमालाची घडी घालत ते गृहस्थ उठले आणि म्हणाले, ‘आले होते, पण थांबले नाहीत.’